परीक्षण लिहिण्याआधी स्वयंपाकघर समजून घ्या

रेस्टॉरंटबद्दल नव्याने लिहायला लागला असाल, तर एक ध्यानात ठेवा. प्लेट 15 मिनिटांत समोर आली तरी तिचं काम कित्येक तास आधी सुरू झालेलं असतं. हाडांचा स्टॉक, म्हणजे सूप-सॉससाठी हाडं पाण्यात शिजवून काढलेला अर्क, 6 ते 8 तास मंद आचेवर ठेवतात. तो खळखळून उकळला की गढूळ होतो, म्हणून कुणीतरी आचेवर नजर ठेवून वरचा फेस काढत उभं असतं.

चौघांनी चार वेगळे पदार्थ मागवले की खरी कसोटी. एकाला 20 मिनिटं लागतात, दुसऱ्याला 4. सगळं एकदम गरम यावं म्हणून झटपट होणारा पदार्थ मुद्दाम शेवटी आचेवर चढतो. मध्येच ऑर्डर बदलली की हा सगळा हिशेब कोलमडतो. ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. सुरी, फळी, भांडं, सगळं वेगळं घ्यावं लागतं.

काही बिघडलंय असं वाटलं तर दोन घासांतच सांगा, तेही नेमकं: मीठ जास्त आहे, आतून कच्चं आहे. ‘मजा नाही आली’ यावरून शेफने काय सुधारायचं? फोटो मात्र पटकन आवरा. सॉस घातलेला तळलेला पदार्थ पाच-दहा मिनिटांत मऊ पडतो आणि मग ‘कुरकुरीत नव्हता’ असं लिहिणं सरळसरळ अन्याय आहे.

एका भेटीत निकाल देऊ नका. एकदा गर्दीच्या वेळी जा, एकदा निवांत वेळी, आणि दोन्ही वेळा एकच पदार्थ मागवा.