डॉक्टरांनी दिलेली जुलाबाची गोळी कुत्रा थुंकतो. पूड करून दह्यातून देऊ का? की घरातली लूज मोशनची गोळी दिली तरी चालेल?

पूड नको. जुलाबाची ही गोळी बहुधा मेट्रोनिडाझोलची असते, आणि ते विषासारखं कडू असतं. गोळी फोडलीत की सगळं दही कडू, आणि उद्यापासून कुत्रा दह्याकडेही बघणार नाही.

आमच्या शेरूचं सांगते. मी माहेरी लग्नाला गेले होते, औषधं दिरांकडे सोपवली होती. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं: पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) सकाळी उपाशीपोटी, सुक्राल्फेटचं सिरप बाकी औषधांपासून दोन तास लांब (ते पोटाला आतून लेप देतं, सोबतचं औषध नीट लागू देत नाही), मेट्रोनिडाझोल जेवणाबरोबर. दिरांचं मत, "वहिनी, पोटात जाऊन सगळं एकच होतं." तिन्ही एकत्र, कुस्करून, दुधात. तेही जुलाब होणाऱ्या कुत्र्याला दूध!

शेरूनं जरा चाटलं आणि तोंडाला फेस आला. झालं, कुत्रं पिसाळलं म्हणून गल्लीभर बोंब. त्याला गोठ्यात कोंडलं, पोरांना माडीवर पाठवलं, शेजारचे काका काठी घेऊन हजर. रेबीजची लस दिल्याचं कार्ड त्याच फ्रिजवर होतं, ते कुणी वाचलं नाही. कडू चव लागली की कुत्र्याला अशी लाळ सुटते, पाणी प्यायला की थांबते. डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितलं, तरी गोठ्याची कडी काढायला कुणी पुढे येईना.

वर दिरांनी स्वतःची लूज मोशनची गोळी काढली, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची. नशीब, डॉक्टर अजून फोनवर होते. ऑर्निडाझोल ही मेट्रोनिडाझोलची सख्खी बहीण. या औषधांचा डोस जास्त झाला तर कुत्रा झोकांड्या खातो, मान वाकडी होते, बुबुळं थरथरतात. ऑफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं वाढत्या पिल्लाच्या सांध्यांची कूर्चा बिघडवतात. दीर अजूनही म्हणतात, "माणसाला चालतं ते कुत्र्याला चालतं, फक्त अर्धं द्यायचं." भाऊजी, तुमच्या अंगदुखीच्या गोळीतलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला भोकं पाडतं आणि किडनी घालवतं. अर्ध्यानेही.

तर गोळी अख्खीच द्या. उकडलेल्या चिकनचे किंवा भाकरीचे तीन गोळे करा. पहिला रिकामा, दुसऱ्यात औषध, तिसरा नाकासमोर धरलेला, म्हणजे तो दुसरा न चावता गिळतो. गोळी एका हाताने भरा, गोळा दुसऱ्या हाताने द्या. कडू बोटांचा वास त्याला लगेच कळतो. सिरप सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने, हळूहळू. मान वर करून ओतू नका, फुप्फुसात जातं. पॅन्टोप्राझोलवर कोटिंग असतं, तीही फोडू नका. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करा. जुलाब थांबले म्हणून औषध थांबवायचं की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारा.

लोपेरामाइड (माणसांची जुलाब थांबवायची गोळी) तर विचारल्याशिवाय अजिबात नको. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे ते थेट मेंदूत शिरतं.

कुत्री गाभण असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मेट्रोनिडाझोल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि लस न झालेलं पिल्लू असेल, रक्ताचे जुलाब असतील, तर हे उत्तर वाचत बसू नका. पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो, आत्ता दवाखान्यात न्या.