वाचक विचारतात : आरसा खाली पुरतो, मग वर का नाही?

प्रश्न : माझ्या दुर्बिणीतून गुरू पाहिला की बिंब पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. अशा हवेतून माहिती घेऊन येणारा उपग्रहाचा लेसर जमिनीवरचं केंद्र कसा पकडतं? लवचिक आरसा वापरतात असं वाचलं. पण त्याऐवजी मोठी दुर्बीण का घेत नाहीत? आणि वर पाठवायच्या लेसरलाही तोच आरसा चालतो का?

उत्तर : मोठ्या दुर्बिणीची सूचना मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती. आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब दिलं. वर्तुळ म्हणजे हवेने पसरवलेला प्रकाश, टिंब म्हणजे ज्या बारीक काचेच्या तंतूत तो शिरवायचा असतो त्या प्रकाशतंतूचा गाभा, जेमतेम 10 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. दुर्बीण मोठी केली की प्रकाश जास्त गोळा होतो खरा, पण तंतूत शिरणारा वाटा त्याच प्रमाणात घटतो. हाती पडतं साधारण तेवढंच.

म्हणून आरसा. संवेदक आलेल्या प्रकाशलहरीच्या सुरकुत्या मोजतो आणि आरशामागचे छोटे दट्टे आरशाला नेमका उलटा आकार देतात. ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्ये मांडली, ताऱ्यांसाठी. तारा आकाशात सावकाश सरकतो. 500 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह मात्र डोक्यावरून सेकंदाला सुमारे 7.6 किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे 10 किलोमीटर उंचीवर आपली दृष्टिरेषा सेकंदाला दीडशे मीटर हवा कापत जाते. वारा पडलेला असला तरी आरशाला वादळच दिसतं! तिथे मोजणी आणि दुरुस्ती सेकंदाला हजाराहून जास्त वेळा करावी लागते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि खरी गोम तिथेच आहे. प्रकाश उपग्रहापर्यंत जाऊन यायला 3.3 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात उपग्रह 25 मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नेम तो दिसतो तिथे नाही, थोडा पुढे धरायचा. परिणामी, खाली येणारा प्रकाश ज्या हवेतून आला त्याच हवेतून आपला किरण वर जात नाही. 10 किलोमीटर उंचीवर दोन्ही वाटांत अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. संवेदकाने मोजली शेजारची हवा! जमिनीलगत वाटा जवळजवळ एकच असतात, म्हणून थोडा फायदा होतो, पण पुरता नाही.

दुसरी अडचण अशी की वर जाणाऱ्या किरणाला धक्का प्रवासाच्या सुरुवातीलाच बसतो. तो एका आर्कसेकंदाने, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागाने, वळला तरी 500 किलोमीटरवर जवळपास अडीच मीटर बाजूला पडतो. खाली येणारा किरण वाकतो तो शेवटच्या काही किलोमीटरांत, त्यामुळे तो फारसा भरकटत नाही. यावर एक साधा तोडगा म्हणजे एकाऐवजी अनेक किरण सोडणं. 2013 साली नासाने चंद्राभोवतीच्या यानाशी लेसरने बोलताना जमिनीवरून 15 सेंटिमीटरच्या चार दुर्बिणींतून किरण वर पाठवले. चौघांच्या वाटेत वेगवेगळी हवा, त्यामुळे सगळे एकदम चुकण्याची शक्यता कमी. मला हा उपाय कोणत्याही महागड्या आरशापेक्षा शहाणपणाचा वाटतो. ढगांपुढे मात्र दोन्ही उपाय हात टेकतात. तिथे दुसऱ्या ठिकाणी दुसरं केंद्र हवंच.

जमिनीलगतच्या हवेची खोडी आम्ही भोगली आहे. दोन रात्री आम्ही आरशाच्या प्रणालीत चूक शोधत होतो. दोष निघाला दुर्बिणीखाली ठेवलेल्या संगणकाचा. त्याचा पंखा गरम हवा थेट नळीच्या तोंडासमोर सोडत होता. हे तुम्हालाही पाहता येईल : एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या, नळीच्या तोंडासमोर खालच्या बाजूने तळहात धरा आणि त्या उजळ चकतीत हातावरून उठणारी हवा बघा.