सेंट लुईसहून पहिल्यांदाच शिकागोच्या रिग्ली फील्डला बेसबॉलचा सामना पाहायला निघालोय: तिथले निळ्या रंगाचे कब्स विरुद्ध आपले लाल रंगाचे कार्डिनल्स. लाल शर्ट घालून गेलं तर चालेल का? आणखी काय लक्षात ठेवू?

खुशाल घाला. सेंट लुईसला राहायला आल्यापासून मी सहा वेळा रिग्लीला जाऊन आलो, दर वेळी लाल शर्ट आणि लाल टोपी घालूनच. थोडं चिडवतात, तेवढं हसून घ्यायचं. शिवाय तुम्ही एकटे नसाल, त्या निळ्या गर्दीत लाल ठिपके भरपूर असतात.

गाडी मात्र नेऊ नका. मैदान अगदी भर वस्तीत आहे, पार्किंगसाठी जीव मेटाकुटीला येतो. सेंट लुईसहून रेल्वेने साधारण पाच-साडेपाच तासांत शिकागोच्या युनियन स्टेशनला पोचता येतं. तिथून चालत रेड लाइन ही शहरातली मेट्रो गाठायची, हॉवर्डच्या दिशेची गाडी पकडायची आणि ॲडिसन स्टेशनला उतरायचं. तिकीट फोनमध्ये असतं, त्यामुळे चार्जिंग पूर्ण ठेवा. बॅग लहान असू द्या आणि निघण्याआधी बॅगांचे नियम एकदा वाचून घ्या.

आता जागेबद्दल. पाहुण्या संघाचा डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) पहिल्या बेसच्या, म्हणजे फलंदाज धावत गाठतो त्या पहिल्या टप्प्याच्या, बाजूला असतो. आपले खेळाडू जवळून बघायचे असतील तर तिकडचं तिकीट घ्या. दुपारचा सामना असेल आणि ऊन सोसत नसेल तर तिसऱ्या बेसची बाजू बरी, तिकडे सावली लवकर येते. मी दोन्हीकडे बसलोय आणि उन्हासकट पहिल्या बेसची बाजूच निवडीन. खालच्या मजल्यावरच्या मागच्या रांगा टाळा. तिथे लोखंडी खांब आडवे येतात आणि वरच्या मजल्याच्या छतामुळे उंच गेलेला चेंडू दिसेनासा होतो. आउटफिल्डमागच्या (मैदानाच्या लांबच्या भागामागच्या) ब्लीचर्समध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बाकांवर, वेगळीच मजा असते, पण तिथे एक रिवाज आहे: पाहुण्या संघाच्या होमरनचा (थेट भिंतीपलीकडे मारलेला) चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने तो मैदानात परत फेकायचा. आपल्याच संघाचा चेंडू हातात आणि भोवती सगळे ‘फेक, फेक’ ओरडताहेत, हे पहिल्याच खेपेला जरा जड जातं. मुलं बरोबर असतील तर तिकडे बसू नका.

दारं उघडली की लगेच आत जा आणि आधी मैदान नीट बघून घ्या. हे मैदान 1914 सालचं. आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली वेल लावले, ते उन्हाळ्यात गर्द हिरवे होतात. चेंडू त्या पानांत अडकला तर आउटफिल्डर (तिथला क्षेत्ररक्षक) दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. आउटफिल्डर पानांत हात घालून चेंडू शोधू लागला तर मात्र खेळ चालूच राहतो. हे ठाऊक नसलं तर समोर काय चाललंय ते कळत नाही. भिंतीच्या वरच्या कडेला तारेची जाळी आहे, तिच्यात पडलेला चेंडू होमरन धरतात.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. मिशिगन तळं जेमतेम मैलभरावर आहे. वारा तळ्याकडून आत आला की भिंतीपलीकडे जाईलसा वाटणारा चेंडू अलगद झेलात येतो, उलटा वाहिला की धावांचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर जाड जाकीट न्याच. आउटफिल्डच्या मागे मध्यभागी हाताने आकडे बदलायचा जुना स्कोअरबोर्ड आहे आणि त्याच्यावर नॅशनल लीगच्या (हे दोन्ही संघ जिच्यात खेळतात त्या लीगच्या) संघांचे झेंडे क्रमवारीनुसार लावलेले असतात. मी आधी आपला झेंडा कितव्या जागी आहे ते बघतो.

खाण्याचं म्हणाल तर शिकागोचा हॉट डॉग गोमांसाचा असतो. खात नसाल तर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्या, नऊ डाव छान निघतात.

मनापासून सांगतो, शेजाऱ्याशी बोला. माझ्या दुसऱ्या खेपेला शेजारी एक आजोबा पेन्सिलीने स्कोअर मांडत बसले होते. माझी टोपी पाहून त्यांनी 23 जून 1984 चा सामना काढला: कब्सच्या राइन सँडबर्गने आमचा गोलंदाज ब्रूस सटर याला नवव्या आणि दहाव्या डावात होमरन मारून दोनदा बरोबरी साधली आणि कब्स 12-11 ने जिंकले. मी लू ब्रॉक या खेळाडूची आठवण काढली. 1964 साली कब्सनी तो आम्हाला देऊन टाकला आणि त्याच वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, जिंकलो. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, ‘ते अजून दुखतं.’ पुढचे चार डाव त्यांनी मला स्कोअर मांडायला शिकवलं. आता मी कुठल्याही मैदानावर गेलो तरी पेन्सिल घेऊन जातो.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहून ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ हे गाणं गातात, तेव्हा तुम्हीही उभे राहा. इथे त्या गाण्याशी ज्याचं नाव जोडलंय तो समालोचक हॅरी कॅरे मूळचा सेंट लुईसचाच, आणि कब्सकडे येण्याआधी 25 वर्षं तो कार्डिनल्सचा आवाज होता. ब्लीचर्सच्या दाराशी त्याचा पुतळा आहे, तो बघून या.

सामना संपल्यावर अर्धा तास बसूनच राहा, स्टेशनवर तोबा गर्दी असते. नंतर ॲडिसनच्या फलाटावरून स्कोअरबोर्डच्या दिशेने पाहा. पांढऱ्या झेंड्यावर निळा डब्ल्यू असेल तर कब्स जिंकलेत. निळ्या झेंड्यावर पांढरा एल असेल तर माझ्यासाठी एक फोटो नक्की काढा.