अमेरिकेत डीपीटीला (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी) नेमकं काय शिकवतात?

सुरुवातीला शरीररचना (बहुतेक ठिकाणी मृतदेहावर), हालचालीचं शास्त्र आणि मज्जासंस्था. मग सांधे-स्नायू, पक्षाघात, हृदय-फुप्फुसं, लहान मुलं. साधारण ३ वर्षांच्या या पदवीत ‘काप्टे’ या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल काम असतंच. प्रॅक्टिकलला हात बसलेला हवा: गुडघा किती वाकतो हे मोजताना गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायचं दोन पट्ट्यांचं साधन) मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर पट्टी खुब्याकडे, हलती घोट्याकडे. मध्य जरा सरकला की आकडा चुकलाच. खरं जड जातं ते पाठदुखी स्नायूची की किडनीची हे ओळखून रुग्णाला वेळेवर डॉक्टरकडे पाठवणं. मात्र नुसत्या पदवीवर काम करता येत नाही. एनपीटीई ही फिजिओथेरपीची राष्ट्रीय परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना लागतो.