ऑक्सिजनच्या गटातल्या हायड्राइडांचा बंधकोन खाली जाताना कमी का होतो, आणि आम्लता वाढते कशी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पाणी, हायड्रोजन सल्फाइड, सेलेनाइड आणि टेल्युराइड या चार हायड्राइडांचे (हायड्रोजनच्या संयुगांचे) रेणू कोनाकृतीच असतात, तर पाण्याचा बंधकोन (दोन बंधांमधला कोन) १०४.५° आणि बाकीच्यांचा ९०° च्या आसपास का? आणि गटात खाली जाताना विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) घटते, तरी आम्लता कशी वाढते? मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हे प्रश्न अवघड वाटतात, कारण आपण सगळीकडे विद्युतऋणतेचंच उत्तर लावायला जातो.

आधी कोन. चारही रेणूंत मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या दोन बंधजोड्या (बंधात गुंतलेल्या) आणि दोन एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या) असतात. एकाकी जोड्या जास्त जागा व्यापतात, म्हणून चार सारख्या जोड्यांमध्ये असतो तो १०९.५° चा कोन पाण्यात थोडा दबून १०४.५° होतो. इथपर्यंत पुस्तकात आहेच. पण सल्फाइडमध्ये तो एकदम ९२° वर येतो, आणि तेवढी घट फक्त एकाकी जोड्यांच्या अंगावर टाकता येत नाही. ऑक्सिजन लहान आहे. त्याचा हायड्रोजनशी बंध ९६ पिकोमीटरचा, शिवाय बंधातले इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे ओढून ठेवतो. त्यामुळे दोन्ही बंधजोड्या एकमेकींच्या फार जवळ येतात, त्यांच्यात प्रतिकर्षण होतं आणि कोन फार मिटू शकत नाही. गंधक मोठा, त्याचा बंध १३४ पिकोमीटरचा. तिथे बंधजोड्या दूर असतात, ही अडचणच उरत नाही. मग बंध जवळजवळ शुद्ध पी कक्षकांतून (कक्षक म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची जागा) होतात, आणि पी कक्षक मुळातच एकमेकांशी ९०° त असतात. सेलेनाइडचा कोन ९१°, टेल्युराइडचा ९०°. म्हणून या तिघांना एसपी३ संकरणाचं (एक एस आणि तीन पी कक्षक मिसळून चार सारखे कक्षक होण्याचं) लेबल लावणं मला पटत नाही.

आम्लता म्हणजे हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात सोडण्याची क्षमता. त्यात बघायचं ते बंध किती सहज तुटतो हे. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची ऊर्जा प्रति मोल सुमारे ४६३ किलोजूल, गंधकाशी ३४७, सेलेनियमशी २७६, टेल्युरियमशी २३८. बंध लांब आणि कमजोर झाला की प्रोटॉन सुटायला सोपा. शिवाय मागे उरणारा ऋणभार मोठ्या अणूवर नीट पसरतो. पीकेए हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र: सल्फाइडचा ७ च्या आसपास, सेलेनाइडचा ३.९, टेल्युराइडचा २.६. बंध कमजोर म्हणूनच टिकाऊपणा खाली घटत जातो आणि क्षपणक गुण (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देण्याचा) वाढतो.

उत्कलनबिंदू तुम्ही विचारला नाहीत, पण परीक्षेत तोच येतो. टेल्युराइड उणे २°, सेलेनाइड उणे ४१°, सल्फाइड उणे ६०° ला उकळतं. या ओळीने पाणी आणखी खाली उकळायला हवं होतं. उकळतं १००° ला. ही हायड्रोजन बंधांची करामत: पाण्याचा एक रेणू शेजाऱ्यांशी चार बंध करू शकतो. इथे मात्र विद्युतऋणतेचं उत्तर बरोबर आहे.

प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून (वायू तयार करायच्या काचेच्या उपकरणातून) हायड्रोजन सल्फाइड घेत असाल तर एक सांगते. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. गटारांत, मैल्याच्या टाक्यांत उतरणाऱ्यांचे जीव जातात त्यामागे बऱ्याचदा हाच असतो. प्रयोग फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) करा.