नागा आणि नाग: एका कान्याचा घोळ

प्रश्न असा आलाय की नागालँडचे नागा, कुंभमेळ्यातले नागा साधू आणि 'दूधवाल्याने आज नागा केला' मधला नागा हे सगळं एकच का, आणि नागालँडच्या माणसाला नागालँडी म्हटलं तर चालेल का. दूधवाल्याचा नागा म्हणजे खाडा, तो फारसी-उर्दूकडून आला, साधूंचा नग्नवरून, ते दोन्ही बाजूला ठेवू. मला बोलायचंय नागालँडच्या नागांबद्दल, कारण 'नागा लोक म्हणजे नागवंशी, अर्जुनाची उलूपी त्यांचीच' हे मेसेज दर नागपंचमीला येतात आणि चांगली शिकलेली माणसं ते पुढे ढकलतात, वैताग येतो अगदी.

अहो, असमियात बघा ना. साप तो 'नाग', पहिला आ लांब. पण हे लोक तिथे 'नगा', उच्चार जवळपास 'नॉगा'. इंग्रजांनी ते रोमनमध्ये लिहिलं, तिथे अ आणि आ दोघांना एकच अक्षर, आणि आपण ते परत देवनागरीत आणताना काना चिकटवला. सापाची सगळी गोष्ट त्या एका कान्यावर उभी आहे.

मग हटनसारखे नागांचे इंग्रज अभ्यासक म्हणतात 'नग' म्हणजे डोंगर, म्हणून नगा म्हणजे डोंगरी. हटनचा अंगामी या नागा जमातीवरचा अभ्यास मोठाच, पण हे मला अजिबात पटत नाही. नग हा पोथीतला शब्द, ब्रह्मपुत्रेकाठचा शेतकरी डोंगराला पाहाड म्हणतो, आणि त्या मुलखाला तो म्हणायचा 'नगा पाहाड', म्हणजे काय, डोंगऱ्यांचा डोंगर? या लोकांचं नाव 'नग्न'वरून आलं ही थिअरी तर मला सहनच होत नाही. कमरेला ताणून बांधलेल्या मागावर बायका ज्या शाली विणतात त्या एकदा हातात घेऊन बघा, आओ या नागा जमातीच्या त्सुंगकोतेपसू शालीवर मधल्या पांढऱ्या पट्ट्यात मिथुन (तिकडचा गव्यासारखा बैल), वाघ, हत्ती, कोंबडा रंगवलेले असतात आणि ती कुणी पांघरायची याचे नियम होते. अशा लोकांचं नाव 'नागडे'?

माझं मत 'नोक'. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनलाही हेच सगळ्यात संभाव्य वाटलं होतं, तिकडच्या भाषांत नोक म्हणजे कुठे लोक, कुठे गाव, अरुणाचलातल्या 'नोक्ते' या जमातीच्या नावात तो आजही आहे. पण मी एक पाऊल पुढे जातो. १२२८ मध्ये आहोमांचा पहिला राजा सुकाफा पाटकाई डोंगर ओलांडून आसामात आला, आहोमांचं राज्य बसलं ते याच पूर्वेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, आणि आसामला मीठ कुठून मिळायचं, तर नामसांग-बोरदुरियाच्या खाऱ्या विहिरींतून, म्हणजे नोक्तेंकडून. मिठाच्या व्यापाऱ्याने 'कोण रे तुम्ही?' विचारलं असणार आणि 'नोक' हे उत्तर ऐकून तेच नाव सगळ्या डोंगरांना लावलं असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, पण मिठाच्या वाटेने शब्द उतरला असेल यापेक्षा सुंदर मला काही सुचत नाही.

म्हणजे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. अंगामी स्वतःला तेन्यिमी म्हणत, लोथा क्योंग. पण ते नाव त्यांनी उचललं आणि आपलं केलं, १९१८ मध्ये कोहिमात नागा क्लब झाला आणि १९२९ च्या जानेवारीत सायमन कमिशनला निवेदन दिलं ते 'नागा' म्हणूनच, की आमचं आम्हाला ठरवू द्या. आणि नावं जोडायची त्यांची हौस बघा, चोक्री, खेझा आणि सांगताम हे तीन गट एकत्र आले तर झालं चाखेसांग!

हां, नागालँडी. नको. राज्य १ डिसेंबर १९६३ चं, पण नागा मणिपूरच्या उखरुलमध्ये आहेत, अरुणाचलात आहेत, सीमेपलीकडे म्यानमारच्या लाहेमध्येही आहेत, त्यांना काय म्हणाल? उलट दिमापूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला कछारी जमातीचा माणूस नागालँडचा आहे पण नागा नाही. 'नागा' म्हणा, आणि समोर माणूस असेल तर कुठले, आओ की सुमी की कोन्याक, ते विचारा.