संशय कुणावर, आणि कशावरून?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत दोन घरफोड्या झाल्या. गेटबाहेर पारधी बायका गजरे, लिंबू-मिरची विकायला बसतात. कमिटीने ठराव केला, की त्यांच्या वस्तीतल्या कुणालाही आत सोडायचं नाही, घरकामालाही ठेवायचं नाही. माझी मुलगी याला पूर्वग्रह म्हणते. पण ती डॉक्टर आहे. गडचिरोलीत असताना ती स्वतः रुग्णाची जमात विचारून सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करायची. तिने केलं तर शास्त्र आणि आम्ही केलं तर अन्याय, हे कसं? अनुभवावरून आडाखे बांधल्याशिवाय कुणाचं चालतं का?
– एक सोसायटी सचिव, चिंचवड

उत्तर : सप्रेम नमस्कार. आडाख्यांशिवाय कुणाचंच चालत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच तुमच्या मुलीचा आडाखा आणि कमिटीचा आडाखा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांतल्या काही समाजांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तपासण्या करून ते कळलेलं आहे. म्हणून तुमची मुलगी जमात विचारते, थेंबभर रक्त घेते, सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी करते, गरज पडली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीला पाठवते. तपासणीत काही निघालं नाही की त्या रुग्णापुरता तो आडाखा संपला. अंदाज चुकला तर त्याचं नुकसान सुई टोचण्याइतकं, बरोबर ठरला तर फायदा त्याचाच. तुमच्या ठरावात मात्र तपासणीच नाही. आडाखा हाच निकाल, आणि तो चुकला तर त्या बाईची धुण्याभांड्याची कामं जातात. तुम्हाला त्याची झळ लागत नाही.

शिवाय अनुभव म्हणता तो कोणता? तुमच्या पत्रात चोर सापडल्याचं कुठेच नाही.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवते. पारधी अशिलाचा जामीन अर्ज टाकला की सरकार पक्षाचं म्हणणं बहुतेक ठरलेलं असतं : आरोपी फिरस्ता आहे, सोडल्यास फरार होईल. मग मी रेशनकार्ड लावते, मुलांच्या आश्रमशाळेचा दाखला लावते, घरपट्टीची पावती असेल तर तीही. दुसऱ्या कुणाला आपण एका जागी राहतो हे इतकं सिद्ध करावं लागत नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते. जिथे आधी शोधणार, तिथलीच माणसं आधी पकडली जाणार. त्यांची नावं ठाण्याच्या रेकॉर्डवर चढतात आणि पुढच्या चोरीला तेच रेकॉर्ड पुरावा म्हणून पुढे येतं. तुमचा अनुभव असा तयार झालेला आहे.

त्याचं मूळ कायद्यातच होतं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीला गुन्हेगार जाहीर करण्याची सोय केली, आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही असंही लिहून ठेवलं. पुढे पोलिसांकडे हजेरी, बोटांचे ठसे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. देश स्वतंत्र झाल्यावर, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला. आपल्या मनातून गेला असता तर ठराव लिहिताना कुणाचा तरी हात थांबला असता.

हे शेवटी कुठवर जातं ते सांगते. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका घरावर दरोडा पडला. पाच खून आणि बलात्कार. वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार सराईत गुन्हेगार ओळखले. त्या चौघांचा तपास झाला नाही. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा मजूर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. निकालात नोंद आहे, की हे आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर असल्याने त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. सहा माणसांच्या आयुष्यातली जवळजवळ सोळा वर्षं गेली. आणि त्या बाईने ज्यांच्या फोटोवर बोट ठेवलं, त्यांना कुणी हात लावला नाही. ठराव मागे घ्या म्हणताना मला त्या बाईचाही विचार आहे. आधीच ठरवून ठेवलेला संशय खऱ्या गुन्हेगाराला फार सोयीचा असतो.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. घर फोडलं गेलं की बाई-माणसांना महिनोन्‌महिने झोप लागत नाही. म्हणून कामाला येणाऱ्या प्रत्येकाची, म्हणजे ड्रायव्हर, सुतार, कुरिअरवाला, भाडेकरू, सगळ्यांची सारखीच नोंद ठेवा आणि पोलीस पडताळणी करून घ्या. सुट्टीत बंद राहणाऱ्या घरांची यादी वॉचमनकडे द्या, पण ती नोटीस बोर्डावर लावू नका. जिन्यातला कॅमेरा चालू आहे का, हे दर आठवड्याला कुणीतरी बघा.

पोलिसांकडे पुरवणी जबाब द्यायची वेळ आली, तर डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा : वेळ, उंची, कपडे, गाडीचा नंबर. ‘आमचा संशय पारधी समाजाच्या लोकांवर आहे’ असं वाक्य कुणी सुचवलं तरी लिहू देऊ नका. अटकेसाठी विश्वसनीय माहिती किंवा वाजवी संशय लागतो, आणि जात ही माहिती नव्हे. जबाब वाचून घ्या, ते वाक्य आत नाही याची खात्री करा आणि मगच सही करा.